दुर्बिणीतला ‘एक’

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलं. या प्रकारात लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढं. ५० मीटरवरून ते वर्तुळ माणसाच्या डोळ्याला वेगळं दिसत नाही आणि ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही. नेमबाजाला दिसतो तो फक्त ११२.४ मिलिमीटरचा काळा गोल. डोळ्याजवळच्या चकतीत बारीक छिद्र, नळीच्या टोकाला कडी आणि त्या कडीत मधोमध धरायचा हा काळा गोल. न दिसणारं बटण गाठायचं ते एवढ्या भांडवलावर.

अमेरिकेतल्या रेंजवर गणित उलटं आहे. तिथे शनिवारी सकाळी रायफल घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हत्यारावर काचेचं काहीतरी बसवलेलं असतं. दुर्बीण लावायची की नाही, हा प्रश्न तिथे केव्हाच मागे पडला. कुठली लावायची, यावर मात्र वाद संपत नाहीत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या वादाच्या मध्यभागी एक विशिष्ट जात आहे: लो-पॉवर व्हेरिएबल ऑप्टिक, म्हणजे कमी ताकदीची पण ताकद बदलता येणारी दुर्बीण. रेंजवरची माणसं तिला ‘एलपीव्हीओ’ म्हणून मोकळी होतात.

तिच्या खोक्यावर ‘१-६ x २४’ असं काहीतरी छापलेलं असतं. वाचायला सोपं आहे. पहिले दोन आकडे म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसेल त्याची खालची आणि वरची मर्यादा, शेवटचा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. वरचा आकडा चार, सहा, आठ, दहा असा काहीही असू शकतो. खालचा मात्र एक असतो, निदान एकच्या आसपास. एक पट म्हणजे काहीच मोठं न होणं, चष्म्याच्या काचेतून बघावं तसं. गिऱ्हाईक वरच्या आकड्यावर भुलतं. दुर्बीण चांगली की वाईट, हे मात्र बऱ्याच अंशी खालच्या ‘एक’वरून ठरतं.

कमी ताकदीची दुर्बीण ही काही आजची कल्पना नाही. १९३० साली विल्यम वीव्हर नावाच्या पंचविशीतल्या अमेरिकन तरुणाने ‘३३०’ नावाची साधी, सुमारे तीन पटीची दुर्बीण १९ डॉलरला विकायला काढली आणि तोवर श्रीमंत शिकाऱ्यांकडेच दिसणारी वस्तू सामान्य माणसाच्या बंदुकीवर आली. युरोपात हाकाऱ्याच्या शिकारीत रानडुक्कर झाडीतून सुसाट निघतं तेव्हा ते वीस-तीस पावलांवर असतं. तिथे जास्त ताकदीच्या दुर्बिणीत नुसते केस दिसायचे, डुक्कर नाही. म्हणून एकपासून चारपर्यंत फिरणाऱ्या दुर्बिणी मुळात अशा शिकाऱ्यांच्या कामाच्या होत्या. आफ्रिकेत रानरेड्यामागे जाणाऱ्यांनीही त्याच वापरल्या. ऑलिंपिकमध्येही अशा काचेला एक कोपरा होता. २००४च्या अथेन्सपर्यंत १० मीटर ‘रनिंग टार्गेट’ हा प्रकार खेळला जायचा. लक्ष्य रुळावरून आडवं पळायचं, आणि तिथे दुर्बीण चालायची, पण चार पटीच्या आतली. पळत्या गोष्टीवर नेम धरायचा तर मोठं दिसण्यापेक्षा आजूबाजूचं दिसणं महत्त्वाचं, हे त्या नियमातही आहे.

या दुर्बिणीला आजची लोकप्रियता मिळाली ती ‘थ्री-गन’ नावाच्या अमेरिकन स्पर्धांमधून. रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशी तीन हत्यारं एकाच फेरीत, घड्याळ लावून. पाच पावलांवरच्या पुठ्ठ्याच्या लक्ष्यांवर धडाधड गोळ्या झाडायच्या आणि लगेच वळून तीनशे यार्डांवरच्या लोखंडी पाट्या टिपायच्या. नुसत्या लाल ठिपक्याच्या साइटला तीनशे यार्डांवर पाटी सापडत नाही. मोठ्या दुर्बिणीला पाच पावलांवर काहीच सापडत नाही. एकवरून सहावर झटकन जाणारी काच इथे दोन्हीकडे चालली, आणि मग सैन्यानेही ती उचलली. अमेरिकेच्या मरीन कोअरकडे आधी चार पटीची, ताकद न बदलणारी साइट होती. घरात शिरताना ती जास्त पडे आणि उघड्या माळावर कमी. फेब्रुवारी २०२०मध्ये त्यांनी ट्रायजिकॉन कंपनीची १-८ x २८ निवडली. कंत्राट ६ कोटी ४० लाख डॉलरचं होतं, साधारण १९ हजार नगांचं. जानेवारी २०२२मध्ये अमेरिकी लष्कराने नव्या रायफलीसाठी व्हॉर्टेक्स कंपनीची १-८ x ३० घेतली. तिच्यात अंतर मोजणारा लेझर आणि गोळीचा मार्ग मोजणारा संगणकही आहे.

सैन्याने घेतली म्हणजे रेंजवर जाणाऱ्याने तीच घ्यावी असं काही नाही. दुकानाच्या काउंटरवर मात्र हेच होतं. ‘मरीन वापरतात ती’ म्हटलं की हात खिशाकडे जातो.

त्याआधी एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा कळतो. १०० मीटरवर तो जवळपास २.९ सेंटिमीटर भरतो. अमेरिकेतल्या अतिशय चलनी .२२३ रायफलीची गोळी कागदाला ५.७ मिलिमीटरचं भोक पाडते. म्हणजे १०० मीटरवरचं स्वतःचं भोक दिसायला डोळ्याला निदान पाच पटीची मदत हवी, तीही पांढऱ्या कागदावर आणि स्वच्छ उजेडात. सहा पटीला ते जेमतेम दिसतं. काळ्या गोलात गेलेलं भोक आठ पटीलाही नीट दिसेलच असं नाही. म्हणून अनुभवी माणूस बाकावर वेगळी स्पॉटिंग स्कोप मांडून बसतो आणि भोकं तिच्यातून मोजतो. रायफलीवरच्या काचेने भोकं मोजायची नसतात, नेम धरायचा असतो, आणि १०० मीटरवर नेमाला चार पट पुष्कळ झाली.

वरचा आकडा वाढला की किंमतही वाढते आणि ती फक्त डॉलरमध्ये मोजायची नसते. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले ताकद केली की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. २४ मिलिमीटरच्या भिंगाला सहा पटीवर हा झोत ४ मिलिमीटरचा असतो, आठवर ३ आणि दहावर २.४. भर उन्हात माणसाची बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते. म्हणजे दहा पटीवर झोत आणि बाहुली यांना एकमेकांवर तंतोतंत बसावं लागतं. डोकं जरा सरकलं की चित्राच्या कडेला ग्रहणासारखी काळी कोर चढते, आणखी सरकलं की सगळा अंधार. बाकावर वाळूच्या पिशवीला टेकून बसलेल्याला हे जमतं. धावत येऊन पिंपाच्या आडून वाकड्या अंगाने नेम धरणाऱ्याचा सगळा वेळ ती कोर घालवण्यात जातो.

आता पुन्हा ‘एक’कडे. स्वस्त दुर्बिणींचा एक बऱ्याचदा १.१ किंवा १.२ असतो. कागदावर हा फरक क्षुल्लक वाटतो. पण एक पटीवर दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायचं असतं. उजव्या डोळ्याला काचेतलं चित्र आणि डाव्याला मोकळं जग, आणि मेंदूने दोन्हींची मोट बांधायची. एका डोळ्यातलं चित्र थोडंही मोठं असलं तर मोट सुटते. काहींना गरगरतं, काहींना नेमकं काय खटकतं ते सांगता येत नाही, इतकंच.

याची परीक्षा दुकानातच होते, आणि तिला एक पैसाही लागत नाही. आधी डोळ्याकडची कडी फिरवून समोरच्या कोऱ्या भिंतीवर आतली खूण स्वच्छ दिसेल असं करून घ्यायचं. एकटक बघत बसायचं नाही. डोळा जुळवून घेतो आणि फसवतो. नजर टाकायची, काढायची, कडी थोडी फिरवायची, पुन्हा नजर टाकायची. मग दोन्ही डोळे उघडे ठेवून दाराची चौकट किंवा छतावरची ट्यूबलाइट बघायची. काचेच्या आतली रेघ आणि बाहेरची रेघ एकमेकींना सरळ मिळाल्या तर तो एक खरा. रेघ तुटली, आतली जाड दिसली किंवा कडेला वाकली तर तो नावाचा एक. पुष्कळ लोक कडी न फिरवताच ही परीक्षा घेतात आणि चांगल्या काचेला नापास करतात, कारण कडी चुकीच्या जागी असली तर खराखुरा एकही खोटा दिसतो.

यानंतर ज्या मुद्द्यावर मैत्र्या तुटतात तो येतो: रेटिकल, म्हणजे आतली नेमाची खूण, पहिल्या प्रतलात की दुसऱ्या. शब्द अवघड, मामला सोपा. पुढच्या भिंगातून आत येणारं चित्र उलटं पडतं, खालचं वर आणि डावं उजवीकडे. ते सुलट करायला मध्ये भिंगांची एक जोडी असते. ताकदीची कडी फिरवली की ही जोडी तिरप्या खाचांतून पुढे-मागे सरकते आणि चित्र लहानमोठं होतं. खूण या जोडीच्या पुढे बसवली तर चित्राबरोबर तीही लहानमोठी होते. हे पहिलं प्रतल. जोडीच्या मागे बसवली तर चित्र बदलतं, खूण तेवढीच राहते. हे दुसरं प्रतल.

याने काय बिघडतं? समजा, ३०० मीटरवर गोळी ३० सेंटिमीटर खाली पडते. रेटिकलवर तेवढ्यासाठी ‘एक मिल’ची रेघ आहे, कारण एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर आणि ३०० वर ३०. सहा पटीच्या दुर्बिणीत, सहावर, ती रेघ लक्ष्यावर ठेवली की गोळी बरोबर बसते. पण खूण दुसऱ्या प्रतलात असेल आणि घाईत कडी तीनवरच राहिली असेल, तर तीच रेघ आता ६० सेंटिमीटर व्यापते. गोळी लक्ष्याच्या ३० सेंटिमीटर वरून जाते. नेमबाज वाऱ्याला दोष देतो, काडतुसांना देतो, कडीकडे त्याचं लक्षच जात नाही.

मग पहिलं प्रतलच घ्यावं? तिथे वेगळीच पंचाईत आहे. आठवर सुबक दिसणारी जाळी एकवर कोळ्याच्या पिल्लाएवढी होते. उन्हात, पिवळ्या गवतावर, ती सापडतच नाही. मग सगळी भिस्त आतल्या लाल दिव्यावर येते आणि तो दुपारच्या उन्हात ठळक दिसेल इतका प्रखर असावा लागतो. असा दिवा स्वस्त दुर्बिणीत सहसा नसतो. खोक्यावर ‘इल्युमिनेटेड’ छापलेलं असतं खरं, पण तो उजेड संध्याकाळी सहानंतरचा.

ज्याची बहुतेक गोळीबारी ५ ते १०० मीटरांत होते, त्याला दुसऱ्या प्रतलाची १-६ बरी. खूण कायम ठळक राहते, दिवा थोडा मंद असला तरी काम भागतं, आणि लांबचा नेम धरायच्या वेळी बहुतेक माणसं कडी पूर्ण फिरवतातच. पहिल्या प्रतलाचे पैसे त्याने मोजावेत, जो २०० ते ५०० मीटरांवर मधल्याच कुठल्यातरी ताकदीवर रेघांनी नेम धरतो. असे लोक आहेत. स्वतःला तसे समजणारे त्यांच्याहून बरेच जास्त आहेत.

काही जणांना तर ही जातच नको असते. पंचवीस यार्डांच्या बंद रेंजवर जाणाऱ्याला साधी लाल ठिपक्याची साइट पुरते. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५मध्ये आणलेल्या या वस्तूचा आजचा छोटा अवतार ८४ ग्रॅमचा आहे. व्हॉर्टेक्सची नावाजलेली रेझर १-६ मात्र ६१० ग्रॅमची, त्यावर पकडीचं वजन वेगळं. अर्ध्या किलोहून जास्त ओझं रायफलीवर चढवून पंचवीस यार्डांवर कागद फाडायचा, हे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. एक अपवाद आहे. डोळ्यात ॲस्टिग्मॅटिझम असला तर लाल ठिपका ठिपका राहत नाही, फुटलेल्या ताऱ्यासारखा पसरतो. दुर्बिणीतली काचेवर कोरलेली खूण अशा डोळ्याला स्वच्छ दिसते. चाळिशी ओलांडलेले कित्येक लोक ठिपक्याला शिव्या घालत असतात, तेव्हा दोष ठिपक्याचा नसतो.

उलट बाजूला, बाकावर बसून शंभर मीटरवर नाण्याएवढ्या जागेत पाच गोळ्या घालायचा नाद असलेल्यालाही ही दुर्बीण नको. त्याला चारपासून सोळापर्यंतची, अंतराचा फोकस जुळवता येणारी काच हवी. एलपीव्हीओचा तो फोकस बहुधा कारखान्यातच १०० किंवा १५० यार्डांवर पक्का केलेला असतो. .२२च्या रायफलीवर लावून ५० यार्डांवर वापरली आणि डोळा मधोमध नसला, तर १०० यार्डांवर पक्क्या केलेल्या २४ मिलिमीटरच्या भिंगात नेम जास्तीत जास्त ६ मिलिमीटर सरकू शकतो. लोखंडी पाटीला ६ मिलिमीटरने काही होत नाही. कुसाळेंच्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ मात्र सबंध १०.४ मिलिमीटरचं आहे.

किमतींचं कोडं सोडवायला एकाच कंपनीचा माल बघावा. व्हॉर्टेक्सची स्ट्राइक ईगल चीनमध्ये बनते, वायपर फिलिपिन्समध्ये, रेझर जपानमध्ये. तिघींवर तोच शिक्का, तिघींवर तेच ‘१-६ x २४’, आणि किमती तीन पायऱ्यांवर. पहिलीला काही शे डॉलर, तिसरीला हजाराच्या वर. वरचे पैसे जातात काचेच्या कडांवर, उन्हात दिसणाऱ्या दिव्यावर आणि त्या खऱ्या ‘एक’वर. वर्षातून सहा वेळा रेंजवर जाणाऱ्याने मधल्या पायरीवर थांबायला हरकत नाही. उरलेल्या पैशांची काडतुसं घेतली तर नेमात पडणारा फरक काचेने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असेल.

काच घरी आली की ती रायफलीवर बसवणं आलं, आणि बरीचशी बदनामी इथे होते. डोळा आणि दुर्बीण यांत नऊ-दहा सेंटिमीटर अंतर लागतं. ते ताकदीबरोबर थोडं बदलतं, म्हणून ताकदीची कडी वरच्या टोकाला ठेवून, रायफल खांद्याला लावून, डोळे मिटायचे, गाल दस्त्यावर टेकवायचा आणि डोळे उघडायचे. चित्र पूर्ण दिसलं तर जागा बरोबर. दणकेबाज रायफलीवर काच फार जवळ आली तर भुवईवर चंद्रकोर उमटते, आणि ती कुंकवाची नसते. दुर्बीण रायफलीला धरून ठेवणाऱ्या कड्यांचे स्क्रू अंदाजाने आवळायचे नाहीत. बऱ्याच कंपन्या १५ ते १८ इंच-पौंड सांगतात, म्हणजे मनगटाला फारसा जोर न लागता. तेवढ्यासाठी मापाचा पाना मिळतो. हाताने करकचून आवळलं की दुर्बिणीची नळी किंचित चेपते, ताकदीची कडी जड फिरते आणि माणूस कंपनीला तक्रारीचं पत्र लिहायला बसतो.

झीरो करणं, म्हणजे खूण आणि गोळी एका जागी आणणं, हे सरळ अंकगणित आहे. १०० मीटरवर पाच गोळ्या झाडल्या आणि त्यांचा पुंजका ७ सेंटिमीटर खाली, ४ सेंटिमीटर उजवीकडे पडला. दुर्बिणीवरच्या, नेम सरकवणाऱ्या बटणाची एक टिचकी ०.१ मिलची असेल तर ती १०० मीटरवर १ सेंटिमीटर हलवते. वरच्या बटणाला सात टिचक्या वर, बाजूच्याला चार डावीकडे. हेच काम ५० मीटरवर करायचं तर एका टिचकीला अर्धाच सेंटिमीटर, म्हणून टिचक्या दुप्पट. पाव मिनिटाच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) बटणाला १०० मीटरवर टिचकीमागे ०.७३ सेंटिमीटर धरायचं. एकाच गोळीवरून बटण फिरवणारे तासभर लक्ष्याभोवती प्रदक्षिणा घालत राहतात.

आणि एक गोष्ट झीरो करूनही राहते. एआर नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीच्या रायफलीवर दुर्बिणीचा मध्य नळीच्या साधारण साडेसहा सेंटिमीटर वर असतो. शंभर मीटरवर जुळवलेली रायफल पाच मीटरवर त्यामुळे सहाएक सेंटिमीटर खाली मारते. थ्री-गनच्या पहिल्या स्पर्धेत नवखे इथेच गुण घालवतात. पाच पावलांवरच्या पुठ्ठ्याच्या डोक्यावर लाल ठिपका बरोबर मधोमध असतो आणि भोक हनुवटीखाली पडतं. पुढच्या खेपेला ते कपाळाच्या वरच्या कडेवर नेम धरतात.

बरेच जण सगळं झाल्यावर दस्त्याच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावतात आणि त्यावर बॉलपेनने तारीख, काडतुसाचं वजन आणि झीरोचं अंतर लिहून ठेवतात. पहिल्या शंभर गोळ्यांनंतर स्क्रू पुन्हा एकदा पान्याने तपासायचे असतात. पट्टीवर त्याच्यासाठीही एक रिकामी चौकट काढलेली असते.